हॉट प्रेस चालविताना

ज्या हॉट प्रेसच्या तप्त प्लेटांमध्ये सरस लावलेले व्हिनिअरचे थर दाबून प्लायवुड सिद्ध होते, तिचे तापमान युरिया-फॉर्माल्डिहाइड सरसासाठी सुमारे ११० आणि फिनॉल-फॉर्माल्डिहाइड सरसासाठी सुमारे १४० अंश सेल्सिअस राखावे लागत असल्याने, हातमोज्यांवाचून प्लेटांजवळ जाणे सर्वथा वर्ज्य मानावे. लाकडातील ओलाव्याची वाफ थरांत कोंडलेली असते. दाब एकाएकी उतरविल्यास ती थर फोडून बाहेर पडते, म्हणून तो टप्प्याटप्प्याने उतरवावा. तापलेल्या सरसातून निघणारे फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक ठरलेले असल्यामुळे प्रेसवर वायू ओढून घेणाऱ्या पंख्याची तजवीज हवी. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम आवरण घालणे बंधनकारक केले होते. तेव्हा उत्पादनवाढीच्या सबबीखाली ते आवरण काढण्याचा हुकूम कोणीही देऊ नये, आणि दिलाच तर कामगाराने तो मानू नये.