नावावर काय आहे?

लग्न जुळवताना विचारला जाणारा एक प्रश्न आपल्याकडे अजून जुना झालेला नाही. मुलाचे शिक्षण, नोकरी, स्वभाव, सारे विचारून झाले की मुलीकडचा एखादा वडीलधारा घसा साफ करतो आणि म्हणतो, ‘‘बाकी सगळं ठीक आहे हो, पण मुलाच्या नावावर काय आहे?’’ शहरात याचे उत्तर फ्लॅट किंवा बँकेतली ठेव असे येते. खेड्यात उत्तर एकच : जमीन. आणि पुष्कळदा खरे उत्तर असे असते की, मुलाच्या नावावर काही नाही, वडिलांच्याही नावावर नाही. जे आहे ते वारलेल्या आजोबांच्या नावावर आहे.

बँकेच्या नोकरीत शेतीकर्जाच्या फायली चाळताना या आजोबांची माझी फार ओळख झाली. माणूस जाऊन वीस-वीस वर्षे झालेली, पण सातबाऱ्यावर ते ठणठणीत असत. गावाचा खरा इतिहास कागदांत कसा दडलेला असतो, हे मला कादंबऱ्यांच्या आधी त्या फायलींनी शिकवले.

भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्याच्या टोकाला बपेरा नावाचे गाव आहे. बावनथडीवरचा पूल ओलांडला की मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. हा सगळा मुलूख धानाचा. पावसाळ्यात बांध्यांमधून पाणी साचते, धुऱ्यांवरून वाट काढावी लागते आणि रोवणीच्या दिवसांत घराघरांतल्या बाया कमरेत वाकून चिखलात उभ्या असतात. नदीच्या दोन्ही काठांवर पिके सारखी, सणवार सारखे, सोयरिकीही जुन्या. जमिनीचा कागद मात्र निराळा. अलीकडे तो ‘सातबारा’, पलीकडे ‘खसरा’. 1956 सालच्या 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर दोन्ही काठ एकाच राज्यात होते. बालाघाट जिल्हाच मुळी 1867 मध्ये तयार झाला, तो भंडाऱ्याचा काही मुलूख घेऊन. नदी जागेवरच राहिली; तिच्या दोन बाजूंची दप्तरे वेगळी झाली.

त्याआधीची गोष्ट मालगुजारीची. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केल्यावर, 1860 नंतरच्या बंदोबस्तात, गावचा वसूल गोळा करणाऱ्यांना गावाची मालकीच देण्यात आली. आपण पश्चिम महाराष्ट्रातले लोक जमिनीचा मालक म्हटले की शेतकरी डोळ्यांपुढे आणतो. या भागात मालगुजार हा गावाचा मालक होता : पडीक जमीन त्याची, झाडोरा त्याचा, तलावही त्याचा. शेत कसणारे त्याचे कुळ. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश सरकारने 1950 चा कायदा केला आणि 31 मार्च 1951 पासून ही मालकी संपली. मालगुजारांकडे त्यांची घरची शेती राहिली. बाकीचे सरकारजमा झाले.

त्यात तलावही गेले. भंडारा-गोंदियाकडे आजही त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. नवख्या माणसाला कोणाच्या तरी मामाने बांधले असावेत असे वाटते. पण ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांचे ते लघुरूप आहे. मालगुजार जुलमी असो की दयाळू, तलाव फुटला तर त्याचे स्वतःचे धान बुडत होते. म्हणून पाळ दुरुस्त होत असे. मालकी सरकारची झाल्यावर गावकरी म्हणू लागले, तलाव सरकारचा. सरकारला वाटले, पाणी गावकरी घेतात, तेच बघतील. मधल्या मधे पुष्कळ तलाव गाळाने भरले. मालमत्ता कोणाची, या प्रश्नाइतकाच ती राखायची कोणी, हा प्रश्नही मोठा असतो.

याच मुलखातला आणखी एक सुंदर शब्द म्हणजे निस्तार. गावाची गुरे कुठे चरतील, सरपण कुठून आणायचे, मसणवटा कुठे, खळे कुठे, याची नोंद निस्तारपत्रकात असते. रस्त्या-पाण्याच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही त्यांना जागा आहे. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याचीही एक शेळी असते आणि तिला चरायला जागा लागते, हे त्या जुन्या कागदाने मान्य केले आहे. भूमिहीनाची मालमत्ता ती हीच. चराईची जागा आक्रमणाखाली जाते, तेव्हा सातबाऱ्यावर कोणाचेच नुकसान दिसत नाही; पण गावातल्या सर्वांत गरीब घराची मिळकत बुडालेली असते.

आता घराकडे वळू. मातीच्या भिंती, वर कवेलू, मागे गुरांचा कोठा आणि सांदवाडी. चार पिढ्या त्यात नांदल्या, पण पुरावा काय? ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. तो मुळात घरपट्टी कोणी भरायची हे सांगणारा कागद. मालकीचे प्रमाणपत्र नव्हे. गावठाणाची रीतसर मोजणी व्हायची ती साधारण दोन हजारांहून जास्त वस्तीच्या गावांची. लहान गावांतली घरे नकाशात एका कोऱ्या डागासारखी असत. शेताच्या प्रत्येक तुकड्याला गट नंबर, आणि माणूस जिथे जन्मतो-मरतो त्या घराला काही नाही! अशा घराच्या तारणावर कर्ज मागायला कोणी आला की आम्हा अधिकाऱ्यांची पंचाईत व्हायची. समोर घर आहे, पण कागदावर ते नाही.

हे चित्र अलीकडे पालटू लागले आहे. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावात 2018 मध्ये ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राची ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. घराचा नकाशा आणि मिळकत पत्रिका हाती पडणे ही मोठीच गोष्ट आहे. पण बँकेत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून एक सांगतो : कागदामुळे कर्ज मिळते, तसे त्याच कागदामुळे घर जातेही. शिवाय ड्रोनला भिंत दिसते. त्या भिंतीआड कोणाकोणाचा वाटा आहे, हे त्याला वरून दिसत नाही.

तो वाटा ठरतो वारस नोंदीत, आणि खरी मेख तिथेच आहे. वडील गेल्यावर फेरफार करायला भाऊ टाळाटाळ करतात, कारण फेरफार म्हटला की बहिणींची नावे लागणार. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्या वेळी अविवाहित असलेल्यांनाच. 2005 मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने तो सर्व मुलींना मिळाला. 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले. कायद्याचे काम झाले. मग बहिणीला साडी-चोळी देऊन तालुक्याला नेले जाते आणि हक्कसोडपत्रावर तिची सही होते. ती का करते? माहेर तुटू नये म्हणून. दिवाळीला भावाने दार उघडावे, याची ती किंमत असते. एकदा नोंदवलेले हे पत्र सहजी मागे घेता येत नाही, हे तिला कोणी सांगत नाही. आणि गंमत अशी की, धानाच्या बांधीत रोवणी करणारे हात तिचेच, तिच्या भावजयीचेच. पीककर्ज मात्र नाव असणाऱ्यालाच.

हे जगाच्या प्रारंभापासून असेच चालत आले आहे, असे मात्र नाही. इंडोनेशियात, सुमात्रा बेटाच्या पश्चिम भागात मिनांगकबाऊ नावाचा समाज आहे. तेही भात पिकवणारे. धर्माने मुसलमान. पण वडिलोपार्जित म्हणण्याऐवजी त्यांच्याकडे ‘मातोपार्जित’ म्हणावे लागेल. कारण पिढीजात शेत आणि घर आईकडून मुलीकडे जाते. देखरेख आईचा भाऊ करतो. त्याला ते ‘मामाक’ म्हणतात! तिथेही भांडणे होतात, कज्जे चालतात. तो काही स्वर्ग नव्हे. पण बहिणीने वाटा घेतला म्हणजे नाते बुडाले, हा काही निसर्गनियम नाही, एवढे त्यातून समजते.

आपल्याकडे 1 एप्रिल 2025 पासून ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम राबवली गेली. मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायची, हा तिचा हेतू. नाव मोठे मार्मिक आहे. मोहिमा येतात आणि जातात. वारस नोंदीचा अर्ज मात्र केव्हाही करता येतो. तेव्हा सुट्टीच्या दिवशी सगळी भावंडे घरी असतील, तर सातबारा आणि घराचा उतारा एकदा चटईवर पसरा. नावे मोठ्याने वाचा. जे गेले त्यांना नमस्कार करा, जे आहेत त्यांची नावे लिहा, आणि लिहिताना बहिणीला फोन करायला विसरू नका. तिने वाटा घ्यावा की सोडावा, हे तिचे तिला ठरवू द्या. पण सोडण्यासाठीसुद्धा तो आधी तिच्या नावावर असावा लागतो.