फेरफार कोण धरणार?

परभणीहून पूर्णेकडे निघालेली पॅसेंजर पहिल्यांदा थांबते ती पिंगळीला. (चित्रकथीची पिंगुळी सिंधुदुर्गात, ती वेगळी. तिकडचं कौतुक इकडे चिकटवू नये.) काळं रान, सोयाबीन, तूर, कपाशी. ऑगस्ट-सप्टेंबरात इथल्या बांधावर हल्ली एक दृश्य हमखास दिसतं. शेतकरी पिकात उभा राहून मोबाइल वर धरतो, रेंज शोधतो, फोटो काढतो. ई-पीक पाहणी. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः करायची सोय झाली. रानात सोयाबीन आणि सातबाऱ्यावर ज्वारी, ही तक्रार त्याआधी गावोगाव होती.

या लेखाचा विषय मात्र त्या मोबाइलच्या पोटात आहे. फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या तळाशी लिनक्सचं कर्नेल चालू असतं. फोटोचं बटण दाबलं की कॅमेऱ्याला जागं करायचं, मेमरीत जागा करून द्यायची, उपग्रहांवरून ठावठिकाणा सांगणाऱ्या चिपशी बोलायचं, ही सगळी कामं कर्नेलची. आपल्याकडे 'कर्नल' म्हटलं की मिशा आणि गणवेश डोळ्यांसमोर येतो, म्हणून मी मुद्दाम 'कर्नेल' लिहितो. मराठीत त्याला गाभा म्हणता येईल.

हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं 25 ऑगस्ट 1991 रोजी या गाभ्याची पहिली वार्ता दिली. आज त्यात तीन कोटींहून अधिक ओळी आहेत. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती निघते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. बदल करणारे जगभर पसरलेले, बहुतेकांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही. आता प्रश्न अगदी चावडीवरचा: रान असं रोज बदलत असेल, तर कागद कोण बदलतो?

कागद आहेत, आणि भरपूर आहेत. कर्नेलच्या मूळ साठ्यातच 'डॉक्युमेंटेशन' नावाचा फोल्डर आहे, त्यात हजारो फाइली. शिवाय खुद्द कोडमध्ये, एकेका फंक्शनच्या डोक्यावर, एक तिरपी रेघ आणि दोन फुल्या देऊन लिहिलेल्या टिपा असतात. त्या आपोआप वेचून त्यांचं पुस्तक तयार होतं. या खात्याचा कारभार अमेरिकेतले जॉनाथन कॉर्बेट अनेक वर्षं पाहत आले आहेत. पण ते काही सगळ्या गावांचे तलाठी नव्हेत. मेमरीचे कागद मेमरीवाल्यांनी, नेटवर्कचे नेटवर्कवाल्यांनी नीट ठेवावेत अशी अपेक्षा असते. अपेक्षा.

महसुलाची भाषा मी उगाच वापरत नाही. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागले, की तलाठी फेरफार धरतो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबारा बदलतो. कर्नेलमधला प्रत्येक बदल याच वाटेनं जातो. लिहिणारा खाली आपलं नाव घालतो, तो पुढे पाठवणारा प्रमुख आपलं, त्याच्या वरचा आपलं. या सहीला 'साइन्ड-ऑफ-बाय' म्हणतात. ती 2004 मध्ये सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी एससीओ नावाच्या कंपनीनं आयबीएमवर दावा लावला होता, की आमच्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घातला गेलाय. भांडण शेवटी बांधाचंच. मग टोरवाल्ड्सनं ठरवलं की यापुढे कुठली ओळ कोणाच्या हातून आली, ते कागदावर दिसलं पाहिजे.

माझ्या मते या सगळ्या कागदांत सर्वांत सुंदर आहे 'एबीआय' नावाचा फोल्डर. बाहेरच्या प्रोग्रॅमांनी कर्नेलशी कुठल्या खिडक्यांतून बोलायचं, त्याची ती नोंद. त्यात चार कप्पे: पक्क्या खिडक्या, अजून चाचणीतल्या, कालबाह्य झालेल्या आणि काढून टाकलेल्या. काढून टाकलेल्यांचीही नोंद ठेवतात, हे मला फार आवडलं. खिडकी कधी होती आणि का गेली, हे वीस वर्षांनी विचारणारा कोणीतरी असतोच.

तरीही कागद मागे पडतात. गेल्या दिवाळीत इंजिनिअरिंगला असलेला भाचा पिंगळीत आला होता. ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला आणि थोड्या वेळानं म्हणाला, "मामा, इथं लिव्हलंय का अमुक फाइल बघा, अन् ती फाइलच न्हाई." त्यानं मला ते करूनही दाखवलं. कागदांतले पत्ते खरे आहेत की नाहीत हे तपासणारी एक आज्ञाच कर्नेलमध्ये आहे, 'मेक रेफचेकडॉक्स'. ती दिली की सापडत नसलेल्या पत्त्यांची यादी पडद्यावर उतरते.

या मेलेल्या पत्त्यांमागे एक मोठं स्थलांतर आहे. 2016 पर्यंत हे कागद दोन तऱ्हांचे होते: साध्या मजकुराच्या विखुरलेल्या फाइली, आणि डॉकबुक नावाच्या किचकट साच्यातली पुस्तकं. त्या वर्षी आलेल्या 4.8 आवृत्तीपासून सगळं स्फिंक्स नावाच्या साधनाखाली एका साच्यात आणायला सुरुवात झाली. फाइलींची नावं बदलली, फोल्डर बदलले. बदल कसा पाठवावा हे सांगणारी जुनी, खूप वाचली जाणारी फाइलही हलली, आणि तिच्या जुन्या जागी एका ओळीची चिठ्ठी ठेवली गेली, की मुक्काम हलवला आहे. 'कार्यालय स्थलांतरित' ही पाटी आपल्याला नवी नाही. पण हजारो फाइलींच्या दारावर पाटी कोण लावणार? कोडमधल्या टिपा जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहिल्या, आणि लोक वर्षानुवर्षं त्या एकेक करून दुरुस्त करत आहेत.

चुकीचा कागद हा नसलेल्या कागदापेक्षा वाईट. सर्वोच्च न्यायालयानं मे 2011 मध्ये एंडोसल्फान या कीटकनाशकावर बंदी घातली. त्याआधीची घडीपत्रिका कोणाच्या ट्रंकेत असेल, तर ती आजही तेच फवारायला सांगेल. कागदाला आपण शिळे झालो हे कळत नाही.

आता पुण्याकडे वळू. कर्नेलच्या कागदांत 'केजीडीबी' या साधनाची एक फाइल आहे. कर्नेल चालता चालता मध्येच थांबवून त्याच्या आत काय बिघडलंय ते पाहायचं, हे त्याचं काम. वैद्य स्वतःची नाडी पाहू शकतो, पण बेशुद्ध पडल्यावर नाही. थांबलेल्या कर्नेलचंही तेच. म्हणून दोन यंत्रं केबलनं जोडायची आणि एकावरून दुसऱ्याची नाडी पाहायची. या साधनावर सुरुवातीच्या काळात ज्यांनी राबून काम केलं, त्यांत पुण्याच्या लिनसिससॉफ्टचे अमित काळे हे ठळक नाव. कोडच्या माथ्यावर 2003-2004 सालासह त्यांचा हक्क नोंदलेला आहे. पण टोरवाल्ड्सला असली साधनं मुळात पसंत नव्हती. त्याचं मत असं, की विचार करून चूक शोधावी, थांबवून डोकावू नये. त्यामुळे केजीडीबी बरीच वर्षं दाराबाहेर, वेगळं ठिगळ म्हणून जगलं. मूळ कर्नेलमध्ये ते आलं जुलै 2008 मध्ये, 2.6.26 आवृत्तीत, विंड रिव्हर कंपनीच्या जेसन वेसेल यांच्या हातून.

त्या फाइलीच्या शेवटी ऋणनिर्देश आहे. हातभार लावणाऱ्यांत पहिलं नाव अमित काळे, दुसरं टॉम रिनी. लगेच खाली नोंद, की मार्च 2008 मध्ये वेसेल यांनी हा दस्तऐवज पूर्ण नव्यानं लिहिला. आणि त्याखाली, की जानेवारी 2010 मध्ये 'केडीबी' या जोडीच्या साधनाची भर घातली. म्हणजे सगळा मजकूर बदलला, तरी आधीच्या खातेदाराचं नाव खोडलं नाही. याच फाइलीत 'केजीडीबीओसी' या नावाची फोडही आहे: शेवटचं 'ओसी' म्हणजे 'ओव्हर कन्सोल'. आता त्याचं काम त्या नावात मावत नाही, नाव मात्र तेच चाललंय, हेही तिथं सरळ लिहून ठेवलंय. चांगला कारकून असं लिहितो.

हे काम करणाऱ्यांचं पोट कसं भरतं, हा नाजूक भाग. लिनक्सची 'मॅन पेजेस', म्हणजे माहितीची पानं, हा कर्नेलच्या शेजारचा, पण वेगळा संसार. मायकेल केरिस्क यांनी तो 2004 पासून दीड दशकाहून अधिक सांभाळला. त्यांच्यानंतर आलेल्या अलेहांद्रो कोलोमार यांनी सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केलं, की पगाराविना हे आता जमणार नाही, काम थांबवतो. नंतर पैसे देणारे पुढे आले. ज्या पानांवर जगभरच्या कंपन्यांचे प्रोग्रॅमर रोज विसंबतात, त्यांच्यासाठी एका माणसाचा पगार आधी सुचू नये, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते.

राहिला भाषेचा प्रश्न. मराठवाड्याला तो शिकवावा लागत नाही. निजामाच्या काळातले महसुली कागद उर्दूत, काही मोडीत. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा आधी ही अक्षरं वाचणारी माणसं शोधावी लागली. कागद आपलाच, पण वाचायला दुसरा. कर्नेलच्या कागदांत भाषांतरांचा स्वतंत्र फोल्डर आहे. त्यात चिनी दोन्ही लिप्यांत आहे, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश आहे. प्रमाण मानायची इंग्रजी प्रतच, हे भाषांतरांत स्पष्ट केलेलं असतं. आणि मूळ बदललं तर कुठलं भाषांतर मागे पडलंय हे सांगणारं साधनही आहे.

मी पाहिलं तेव्हा त्या फोल्डरमध्ये मराठी नव्हती. भाच्याला म्हटलं, "तूच धर की फेरफार." तो हसला, म्हणाला, "मामा, आधी एक पत्ता तर दुरुस्त करू द्या." ते बरोबरच आहे. पिंगळीत, परभणीत, वसमतला, जिंतूरला कॉम्प्युटर शिकणारी जी मुलं हा अंक वाचतील, त्यांना एवढंच सांगायचंय: एक मेलेला पत्ता शोधा, दुरुस्त करा, खाली आपलं नाव घालून पाठवा. हरकती येतील, उत्तरं द्या. अर्जाला तिकीट लागत नाही.