जादू असते ती सांध्यात!

गाणी दुसऱ्यांची, आवाज दुसऱ्यांचे, तरी अल्बमवर नाव डीजेचं. का? दोन गाण्यांमधल्या त्या मिनिटभरासाठी! पहिलं गाणं रंगात असतानाच खालून दुसऱ्याचा ठेका आत शिरतो, पहिल्याचा बेस अलगद निघून जातो आणि कळेपर्यंत आपण पुढच्या गाण्यात नाचत असतो. चक्री भजनात जसं न थांबता एका पदातून दुसऱ्या पदात जातात, तसंच. मिक्स अल्बमची सगळी गंमत या सांध्यांत आहे.

ही कल्पना डिस्कोच्या जमान्यातली. ग्लोरिया गेनर यांच्या १९७५ च्या ‘नेव्हर कॅन से गुडबाय’ या एलपीची पहिली बाजू मिळवून ऐकाच. टॉम मोल्टन यांनी तीन गाणी अशी जोडलीत, की जवळपास १९ मिनिटं ताल कुठे तुटतच नाही.

सांधा जुळतो कसा? दोन तबकड्या, एका कानाला हेडफोन आणि वेग कमीजास्त करणारी एक पट्टी. डीजेंच्या लाडक्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर वेग ८ टक्क्यांपर्यंत वर-खाली करता येतो. पण तबकडीचा वेग साधारण ६ टक्क्यांनी वाढवला, की सूरही अर्ध्या स्वराने चढतो! म्हणजे नुसता ठेका जुळून भागत नाही, सुरांचंही पटावं लागतं. तयार कानाचा डीजे इथेच ओळखू येतो.

१९९४ साली साशा आणि जॉन डिगवीड या डीजेंचा ‘रेनेसान्स: द मिक्स कलेक्शन’ आला. एक नाही, दोन नाही, तीन सीडी! क्लबमधली अख्खी रात्र घरच्या सोफ्यावर आली. माझ्या मते या प्रकारातला हा आजही पहिल्या रांगेतला अल्बम.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात पॉल ओकनफोल्ड यांनी बीबीसी रेडिओ १ वर दोन तासांचा ‘गोवा मिक्स’ वाजवला. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या ट्रान्समध्ये चक्क ‘ब्लेड रनर’ चित्रपटाचं व्हँजेलिस यांचं संगीत! आणि ‘अंजुनाबीट्स’ हे ब्रिटिश लेबल माहीत आहे ना? ते नाव आपल्या हणजुण्याच्या किनाऱ्यावरूनच घेतलंय. २००३ पासून या लेबलची स्वतःची मिक्स मालिकाही आहे.

आता खऱ्या वेड्यांकडे वळू. सोलवॅक्स या बँडमधले दोघे बेल्जियन भाऊ ‘टूमेनीडीजेज’ या नावाने २००२ मध्ये अल्बम काढायला निघाले. त्यांनी १८७ गाण्यांसाठी परवानगी मागितली. ११४ ना होकार, ६२ ना नकार आणि ११ गाण्यांच्या मालकांचा पत्ताच लागला नाही! त्यातून तासाभराचा जो धमाका तयार झाला, त्यात डॉली पार्टन यांचं ‘नाइन टू फाइव्ह’ थेट नॉर्वेच्या रॉयक्सॉपच्या इलेक्ट्रॉनिक सुरावटीला जाऊन भिडतं. कागदावर अशक्य वाटणारी जोडी, पण ऐकताना हसू फुटतं आणि पाय थांबत नाहीत.

रिची हॉटिन यांनी तर गाणी जोडायच्या आधी ती मोडलीच. २००१ च्या ‘डीई९: क्लोजर टू द एडिट’साठी शंभरहून जास्त ट्रॅकचे तीनशेहून अधिक तुकडे केले आणि त्यातून ५३ मिनिटांची सलग वीण घातली. कुठलं गाणं कुठे संपलं, हे शोधणं सोडून द्या!

लंडनच्या फॅब्रिक क्लबची मिक्स अल्बमांची मालिका तर पत्र्याच्या डबीतून यायची. २००१ मध्ये सुरू झालेली ही मालिका २०१८ मध्ये शंभरी गाठून थांबली.

आणि हो, गाण्यांचा क्रमही कोर्टात जाऊ शकतो! असे अल्बम काढणाऱ्या मिनिस्ट्री ऑफ साउंडने २०१३ मध्ये स्पॉटिफायवर दावा ठोकला. आमच्या अल्बमच्या क्रमाने श्रोते प्लेलिस्ट बनवतात, ही तक्रार. पुढच्याच वर्षी समझोता झाला. माझं मन मात्र क्रम लावणाऱ्याच्या बाजूचं आहे. कोणत्या गाण्यानंतर कोणतं, हे ठरवायला आयुष्यभराचं ऐकणं लागतं.

तेव्हा असा अल्बम लावाल त्या दिवशी ॲपमधलं शफल बंद करा, क्रॉसफेड शून्यावर आणा, गॅपलेस प्लेबॅक चालू ठेवा, चांगले हेडफोन घ्या आणि पहिल्या ट्रॅकपासून शेवटपर्यंत सलग ऐका. मधलं एकही गाणं पुढे ढकलू नका!