अडीच इंचांचा बर्फ

२८ जानेवारी २०१४ रोजी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात जेमतेम अडीच इंच बर्फ पडला. शिकागोच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल. अटलांटात मात्र त्या रात्री हजारो मुलं शाळेतच झोपली, काही बसमध्ये अडकून राहिली. लोक महामार्गावर गाड्या सोडून चालत निघाले. कुणी औषधांच्या दुकानात फरशीवर रात्र काढली. शहराभोवतीच्या वळणमार्गावर अडकलेल्या एका गाडीत बाळ जन्माला आलं.

दक्षिणेकडच्या लोकांना बर्फात गाडी चालवता येत नाही, अशी थट्टा त्यानंतर बरीच झाली. ती अर्धीच खरी आहे. त्या दिवसाचं घड्याळ पाहिलं तर वेगळंच काही दिसतं. हवामान खात्याचा पक्का इशारा पहाटे पावणेचारच्या सुमारास आला होता. तरीही शाळा भरल्या, कचेऱ्या उघडल्या. दुपारी बर्फ पडू लागला आणि शाळा, कंपन्या, सरकारी कार्यालयं जवळपास एकाच वेळी सुटली. मीठ टाकणारे आणि बर्फ ढकलणारे ट्रक मग त्याच कोंडीत अडकले. रस्ता मोकळा करायला रस्ताच उरला नव्हता. २६ जुलै २००५ची मुंबई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याहून जास्त समजावून सांगायला नको.

मराठीत आपण भुसभुशीत हिमालाही बर्फ म्हणतो आणि काचेसारख्या घट्ट थरालाही बर्फच. रस्त्यावर हा फरक जिवावर बेततो. ताज्या भुसभुशीत बर्फावर टायरला थोडी तरी पकड मिळते. पण हजारो गाड्या त्यावरून रांगत गेल्या की तो दाबला जातो, चाकांच्या घर्षणाने थोडा वितळतो आणि गाडी थांबताच पुन्हा गोठतो. अटलांटातला काचेचा थर असा गाड्यांनीच घडवला. त्यात तापमान शून्याच्या आसपास असेल तर बर्फावर पाण्याचा बारीक पापुद्रा असतो. कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा हा बर्फ जास्त निसरडा. पूल आधी गोठतात, कारण त्यांना खालूनही गार वारा लागतो.

मिठाचं काम समजून घेण्यासारखं आहे. खारं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, म्हणून बर्फ पडण्याआधीच रस्त्यावर मिठाचं दाट पाणी शिंपडलं तर बर्फ डांबराला चिकटत नाही आणि फाळाने सहज ढकलता येतो. एकदा चिकटला की कितीतरी पट मीठ लागतं, आणि उणे ९-१० अंशांच्या खाली साधं मीठ फारच संथ चालतं. म्हणजे सगळा खेळ आधीच्या काही तासांचा.

मग अटलांटाने शिकागोइतके ट्रक का घेऊ नयेत? वर्षाला सरासरी दोन-तीन इंच, एखाद्या वर्षी तेवढाही बर्फ न पडणाऱ्या शहराने शेकडो ट्रक गंजत ठेवणं हा शहाणपणा नव्हे, असं मला वाटतं. पण यंत्रं नसतील तर निर्णय तरी वेळेवर हवा. तिथे अडचण अशी, की महामार्ग राज्याचे, गल्ल्या शहराच्या, शाळा वेगळ्या मंडळांच्या. महानगरात डझनावारी पालिका. सगळ्यांना ‘आज घरीच थांबा’ म्हणणारा एक आवाज नाही. १२ जानेवारी १९८२ रोजीही याच शहरात दुपारी बर्फ पडला होता, माणसं एकदमच बाहेर पडली होती आणि गाड्या अशाच रस्त्यात सोडल्या होत्या. बत्तीस वर्षांत ती आठवण पुसली गेली.

२०१४ची आठवण मात्र ताजी होती. पंधरवड्यात, फेब्रुवारीत, दुसरं वादळ आलं. राज्यपालांनी आधीच आणीबाणी जाहीर केली, लोक घरात राहिले. बर्फाच्या ओझ्याने फांद्या आणि तारा तुटून लाखो घरांची वीज गेली, पण महामार्ग रिकामे होते आणि ट्रक फिरत होते.

याची दुसरी बाजू पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी दिसली. तिथे बर्फ नवा नाही; तो पाहायला आलेली मैदानातली माणसं मात्र त्याला नवखी होती. जानेवारी २०२२मध्ये रस्त्यात अडकलेल्या गाड्यांमध्ये किमान २२ जण मेले. नुसत्या थंडीनेच नव्हे, तर काही जण विषारी वायूने गेले असावेत, असं तेव्हा सांगण्यात आलं. धुराच्या नळीभोवती बर्फ साचला की कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो; माणसाला झोप येते, एवढंच.

अटल बोगदा २०२०मध्ये सुरू झाल्यापासून लाहौलच्या बर्फापर्यंत गाडी नेणं सोपं झालं आहे, आणि त्या गाड्यांत पुण्या-मुंबईचे लोकही असतात. त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: चढाच्या आधीच खालचा गिअर टाकावा, ब्रेक आणि स्टिअरिंग हळू वापरावं, पुढच्या गाडीपासून नेहमीच्या कितीतरी पट अंतर ठेवावं. चार चाकांना ताकद देणारी गाडी निघते लवकर, पण थांबते इतरांसारखीच. आणि अडकलात तर इंजिन सुरू करण्याआधी खाली उतरून नळीभोवतीचा बर्फ हाताने काढावा, काच बोटभर उघडी ठेवावी, आणि इंजिन थोडाच वेळ चालवून पुन्हा बंद करावं. बर्फ पडत असेपर्यंत हे दर खेपेला करावं लागतं.