सापाला हवा आडोसा

मुलांनो, सापाला पाहून आपण घाबरतो. पण सापही आपल्याला घाबरतो, हे तुम्हांला ठाऊक आहे का? धोका दिसताच तो आडोसा शोधतो.

नाग स्वतः बीळ खणत नाही. तो उंदराच्या बिळात किंवा वारुळात राहतो. तिथे त्याला अंधार, गारवा आणि ओलावा मिळतो. लपायला जागा नसेल, तर कोंडलेला साप सतत भेदरलेला असतो. तो खाणे सोडतो. हळूहळू त्याची रोगाशी लढण्याची शक्ती कमी होते. हवा फार कोरडी असेल, तर त्याची कातही नीट निघत नाही.

तमिळनाडूतील इरुला जमातीच्या लोकांना हे चांगले ठाऊक आहे. साप पकडण्यात ते फार कुशल आहेत. १९७८ साली त्यांची सहकारी संस्था स्थापन झाली. तेथे पकडलेले विषारी साप मातीच्या मडक्यात ठेवतात आणि मडक्याचे तोंड कापडाने बांधतात. आत अंधार व गारवा असल्याने साप शांत राहतात. विष काढून काही आठवड्यांनी त्यांना पुन्हा रानात सोडतात. याच विषापासून सर्पदंशावरचे औषध तयार होते.

पाहा, सापाला आडोसा दिला, तर माणसाचाही जीव वाचतो!