जयघोष कोणाचा?

21 मे 2017 च्या रात्री शहागंजातील एका चहाच्या हॉटेलात जी गर्दी जमली होती, तिचे आम्हांस आजही स्मरण होते. मुंबई आणि पुणे या दोन संघांत आयपीएलचा अंतिम सामना चालू होता आणि तो खेळला जात होता हैदराबादेस. मुंबईने अवघ्या 129 धावा केल्या होत्या. पुण्याचा संघ 128 धावांवर थांबला आणि एका धावेने विजेतेपद मुंबईकडे गेले. हॉटेलातील निम्म्या तरुणांनी बाके बडविली, निम्म्यांनी कपाळास हात लावला. कोपऱ्यात बसलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी बशीतला चहा संपवीत विचारले, “अरे बाबांनो, यांतला आपला कोण?” क्षणभर सारेच गप्प झाले. मग एक म्हणाला, “पुणे आपले, चचा, आपले क्रिकेट पुण्याकडे आहे.” दुसरा म्हणाला, “मुंबई आपली. ती राजधानी आहे.” म्हातारबुवा हसून म्हणाले, “आमच्या लहानपणी आपले हैदराबाद होते.” सामना तर तिथेच झाला होता!

या हसण्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. आपल्या गावाच्या, आपल्या प्रांताच्या संघाचाच जयघोष करणे हे क्रीडाप्रेमी नागरिकाचे कर्तव्य आहे काय? जो ते करीत नाही, त्यास गावाशी बेइमान झालेला म्हणावयाचे काय? वरवर पाहता हा फावल्या वेळचा वाद वाटतो. परंतु घराघरांत, कचेऱ्यांत आणि शाळांच्या पटांगणांत तो ज्या आवेशाने घातला जातो, त्यावरून त्याची मुळे खेळाच्या मैदानापेक्षा खोल गेलेली आहेत, हे उघड आहे. म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कर्तव्य मानणाऱ्यांची बाजू दुबळी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. जो आज जिंकेल त्याचा झेंडा खांद्यावर घ्यावयाचा आणि तो हरताच दुसऱ्याच्या दारी जावयाचे, ही वृत्ती कोणासही शोभत नाही. विजयाच्या वरातीत नाचावयास साऱ्यांनाच आवडते. पराभवाच्या दिवशी जो सोबत राहतो तोच खरा सोबती. कोल्हापुरात जाऊन पाहावे. तेथील पेठापेठांतील तालीम मंडळांचे फुटबॉल संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा एखाद्या पेठेतील आजोबा, मुलगा आणि नातू एकाच रंगाची निशाणे घेऊन येतात. पाटाकडील तालीम, दिलबहार, बालगोपाल ही नावे तेथे घराण्याच्या नावांसारखी उच्चारली जातात. पैशाने विकत न मिळणारे असे काही त्या निष्ठेत आहे. ज्या गावास स्वतःचे म्हणता येईल असे काहीच उरत नाही, ते गाव हळूहळू नुसती वस्ती होऊन बसते, हेही खरे आहे.

पण कोल्हापूरकरास जो प्रश्न पडत नाही, तोच आम्हां मराठवाड्यातील लोकांस पदोपदी पडतो. आपला संघ तो कोणता? 1937-38 च्या हंगामात हैदराबादने नवानगरचा अवघ्या एका गड्याने पराभव करून रणजी करंडक जिंकला, तेव्हा औरंगाबाद शहर निजामाच्या राज्यात होते आणि त्या विजयावर येथील माणसाचा हक्क होता. त्यानंतर लागोपाठ दोन वर्षे, 1939-40 आणि 1940-41 मध्ये, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने तो करंडक पटकावला. भाषेने तो संघ आमचा, राज्याने मात्र परका! 1948 साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 साली महाराष्ट्र राज्य जन्मास आले. तरीही या एका राज्यात रणजी करंडकासाठी तीन संघ राहिले : मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. त्यांतील तिसऱ्यात, पुण्याच्या छत्राखाली, आमची गणना होते. म्हणजे एकाच घराण्यातील आजोबांनी हैदराबादचा, वडिलांनी महाराष्ट्राचा आणि नातवाने मुंबईचा जयजयकार केला असेल, तर तिघांपैकी बेइमान कोण? कोणीही नव्हे. सरहद्दी हलल्या, माणसे शहागंजातच होती.

2023 सालच्या उन्हाळ्यात महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली आणि तिच्या सहा संघांत ‘छत्रपती संभाजी किंग्ज’ या नावाचा एक संघ उतरला. याच वर्षी शहराचे नावही अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले होते. अनेकांस वाटले, अखेर आपल्या शहरास आपला संघ मिळाला. परंतु त्या हंगामातील सारे सामने खेळले गेले ते पुण्यापलीकडे गहुंज्याला, येथून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. ज्या संघाचा सराव आमच्या मुलांनी कुंपणाला नाक लावून पाहिला नाही, ज्याच्या गोलंदाजाने आमखास मैदानाची धूळ अंगावर घेतली नाही, त्याने केवळ आमचे नाव धारण केले म्हणून आम्ही त्याचे ऋणी कसे झालो? आम्ही त्या संघास दोष देत नाही. आमचे म्हणणे इतकेच की पाटी लावल्याने घर होत नाही. त्यासाठी चूल पेटावी लागते.

खेळाडूंच्या आयुष्याकडे पाहिले तर कर्तव्याची ही भाषा आणखीच अवघड होते. इक्बाल सिद्दिकी हा औरंगाबादेत जन्मलेला वेगवान गोलंदाज. डिसेंबर 2001 मध्ये मोहालीस इंग्लंडविरुद्ध तो भारतासाठी कसोटी सामना खेळला आणि विजयासाठी किरकोळ धावा हव्या असताना त्यास सलामीस पाठविण्यात आले, हे रसिकांच्या स्मरणात असेल. तो महाराष्ट्राकडून खेळला आणि हैदराबादकडूनही खेळला. बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर तर रेल्वेचा खेळाडू. रेल्वेस गाव नाही, पेठ नाही. तरीही 2001-02 साली रेल्वेने रणजी करंडक प्रथमच जिंकला, तेव्हा बीडच्या माणसाची छाती फुगली असेल, तर ती योग्यच फुगली. पुढे 2002 मध्ये लीड्सच्या थंड, ढगाळ हवेत सलामीस जाऊन बांगरने काढलेल्या 68 धावा कोणत्या जिल्ह्याच्या खात्यावर लिहावयाच्या? उलट पैठणात जन्मलेल्या अंकित बावणेने महाराष्ट्राचे कर्णधारपद भूषविले. तेव्हा पुण्याचा म्हणून ज्याकडे आम्ही काहीशा परकेपणाने पाहत होतो, त्याच संघाचे नेतृत्व गोदाकाठच्या आमच्या शेजाऱ्याकडे होते. विदर्भाने 2017-18 साली पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला, त्या संघास घडविणारे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे आणि फलंदाजीचा एक आधारस्तंभ वासिम जाफर हाही मुंबईचा. म्हणून नागपूरकरांनी तो विजय आपला मानू नये काय? मार्च 2024 मध्ये वानखेडेवर याच विदर्भास हरवून मुंबईने 42 व्यांदा करंडक घेतला, तेव्हा कोणी जुने उपकार काढले नाहीत. खेळाडू पोटासाठी आणि गुणांना वाव मिळावा म्हणून गाव सोडतो, हे आपण समजून घेतो. मग प्रेक्षकानेच तेवढे जन्मभर एका खुंटीस बांधून घ्यावे, हा न्याय कोणता?

यावर कोणी म्हणेल की खेळाडू येतील आणि जातील, संघ तर गावाचाच राहतो. तोही राहतोच असे नाही. ज्या पुण्याच्या संघासाठी त्या रात्री निम्मे हॉटेल हळहळले, तो केवळ दोन हंगामांसाठी, 2016 आणि 2017 साठी, उभा केलेला होता. चेन्नई आणि राजस्थान यांवरील बंदीची मुदत संपताच तो दिसेनासा झाला. त्याचा कर्णधार ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ होता, तर मुंबईचा कर्णधार रोहित शर्मा नागपुरात जन्मलेला! अमेरिकेत 1957 चा हंगाम संपल्यावर ब्रुकलिनचा डॉजर्स हा बेसबॉल संघ त्याच्या मालकांनी उचलून हजारो मैल दूर लॉस एंजेलिसला नेला आणि ब्रुकलिनच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेली निष्ठा रिकाम्या पटांगणात पडून राहिली. कर्तव्य हे दुहेरी असते. मालकास गाव सोडण्याची मोकळीक आणि गावकऱ्यास मात्र संघ सोडण्याची मनाई, हा करार एकतर्फी आहे. सुज्ञ माणसाने त्यावर सही करू नये.

आता या प्रश्नाच्या गाभ्याशी यावयाचे. गावाचा संघ ही एक गोड सवय आहे तोवर तिचे कोणी वाईट मानू नये. परंतु तिची जेव्हा परीक्षा होते, ‘तू आमचा असशील तर यांच्याच नावाने ओरडून दाखव’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा खेळ संपतो आणि दुसरेच काही सुरू होते. मुंबईची पंचरंगी सामन्यांची स्पर्धा अतिशय लोकप्रिय होती. त्यातील संघ धर्मांवरून पाडलेले होते आणि कोणी कोणाचा जयघोष करावयाचा, हे जन्मानेच ठरून गेलेले होते. 1940 साली गांधीजींनी या व्यवस्थेविषयी आपली नापसंती स्पष्टपणे व्यक्त केली. 1946 नंतर ती स्पर्धा बंद पडली. तिच्यातील क्रिकेट उत्तम होते. वाईट होती ती जन्मावरून लादलेली बाजू.

शहागंजात राहणाऱ्यास हे अधिक समजावून सांगावयास नको. घड्याळाचा मनोरा, जुनी मशीद, फळांच्या गाड्या, भांड्यांची आणि कपड्यांची दुकाने यांच्या दाटीत येथे नाना धर्मांची माणसे खांद्यास खांदा लावून रोजचा व्यवहार करतात. आणि मे 2018 मध्ये याच परिसरात दंगल होऊन दुकाने जळाली, तेही येथील लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. अशा वस्तीत ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न कधीच निव्वळ खेळाचा राहत नाही. येथे एखादा मुलगा चेन्नईचा पिवळा सदरा घालून हिंडतो, दुसरा मुंबईचा निळा, तिसरा एखाद्या विलायती फुटबॉल संघाचा लाल. ते एकमेकांची यथेच्छ टिंगल करतात आणि एकाच बाकावर बसून एकाच किटलीतला चहा पितात. आम्हांस हे दृश्य गावाच्या ऐक्यास बाधक वाटत नाही; ते ऐक्याचे लक्षण वाटते. कारण त्या मुलांत जो भेद आहे तो त्यांनी स्वतः निवडलेला आहे आणि उद्या सकाळी ते तो बदलू शकतात.

निवडीच्या या स्वातंत्र्याचा कळस पाहावयाचा तर 31 जानेवारी 1999 चा चेन्नईचा दिवस आठवावा. चेपॉकवर पाकिस्तानने भारताचा केवळ 12 धावांनी पराभव केला. सचिन तेंडुलकरचे शतक वाया गेले होते, प्रेक्षकांचे डोळे ओले होते. तरीही पाकिस्तानचे खेळाडू मैदानाला फेरी मारू लागले तेव्हा ते प्रेक्षक उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजविल्या. त्या दिवशी चेन्नईची मान खाली गेली असे कोणी म्हणेल काय? आमच्या मते कोणत्याही विजयाने गेली नसती इतकी ती उंच गेली.

मग प्रेक्षकावर गावाचे काहीच ऋण नाही काय? आहे; परंतु ते जयघोषाचे नाही. ज्या धाराशिवच्या मातीत खो-खो वाढला, तेथील सारिका काळे या खेळाडूस 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातून आलेल्या अविनाश साबळेने 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्यपदक मिळविले. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीस खो-खोचा पहिला विश्वचषक भारताने पुरुष आणि महिला या दोन्ही गटांत जिंकला. त्यानंतर आम्ही सर्वांनी अभिमानाने माना डोलावल्या. पण या खेळाडू मुली तिन्हीसांजेला सराव करीत होत्या, तेव्हा मैदानाच्या कडेला आमच्यापैकी किती जण उभे होते? जिल्हा स्पर्धेच्या सामन्यास शंभर माणसे जमत नाहीत आणि दूरच्या संघाच्या पराभवावर मात्र मध्यरात्रीपर्यंत वाद रंगतात. दुरून डोंगर साजरे, ते असे.

गावाचे ऋण फेडावयाचे तर ते येथे फेडावे. शाळेचे पटांगण वाहनतळ होऊ लागले तर नगरसेवकाच्या दारी जावे. आमखास मैदानावर किंवा गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात मुलामुलींचे सामने असतील तर सुट्टीच्या दिवशी घरच्या मंडळींस घेऊन तेथे जावे. खेळणाऱ्या शेजारच्या मुलीस बूट घेऊन द्यावे आणि तिच्या आईवडिलांस धीर द्यावा. एवढे करणाऱ्या माणसाने मग रात्री मुंबईचा, चेन्नईचा किंवा मॅंचेस्टरचा हवा तेवढा जयजयकार करावा. त्याच्या गावनिष्ठेविषयी कोणी शंका घेऊ नये. आणि जो यातले काहीच करीत नाही, त्याने केवळ गावाच्या नावाचा सदरा घातला म्हणून गावकीचा मान मागू नये. टाळी मनापासून यावी लागते, ती कोणी हुकमाने वाजवून घेऊ शकत नाही. मैदान मात्र राखावेच लागते.

त्या रात्री म्हातारबुवांच्या प्रश्नास कोणीच धड उत्तर दिले नाही. मनोऱ्याखालची गर्दी पांगली, हॉटेलवाल्याने बाके उलटी करून ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच मुले, जिंकलेली आणि हरलेली, एक फळकुट आणि टेनिसचा चेंडू घेऊन गल्लीत खेळताना आम्हांस दिसली. ‘यांतला आपला कोण?’ असे कोणी आज विचारले तर आम्ही त्या गल्लीकडे बोट दाखवू.