अर्ध्या सेकंदाचा खेळ

२० मीटर १२ सेंटिमीटर अंतरावर समोरासमोर रोवलेल्या तीन-तीन यष्ट्या. गोलंदाजाने त्या उडवायच्या, फलंदाजाने त्या राखून धावा काढायच्या. नियमांचे पुस्तक जाड असले, तरी क्रिकेटचे मर्म एवढेच. मग त्यात अवघड ते काय? थोडे गणित करू या.

वेगवान गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटर वेगाने चेंडू टाकला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३९ मीटर. गोलंदाजाच्या रेषेपासून फलंदाजाच्या रेषेपर्यंतचे अंतर १७.७ मीटर. भागाकार करा : ०.४५ सेकंद. टप्प्यावर चेंडू थोडा मंदावतो हे धरले, तर फार तर अर्धा सेकंद.

आता एक प्रयोग करा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. शून्याच्या खुणेशी तुमची चिमूट उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडावी, तुम्ही पकडावी. २० सेंटिमीटरवर पकडलीत, तर मुक्त पतनाच्या सूत्राने वेळ येतो ०.२ सेकंद. बहुतेकांचे उत्तर याच्या आसपासच येते. आणि ही तर नुसती चिमूट. जड बॅट फिरवायला आणखी वेळ हवा! म्हणजे टप्पा पडल्यावर चेंडू अचानक वळला, तर भल्याभल्यांनाही फटका बदलणे जमत नाही.

‘चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेव’ असे आपण ऐकतो. लँड आणि मॅक्लाऊड या शास्त्रज्ञांनी २००० साली फलंदाजांच्या डोळ्यांची हालचाल टिपली, तेव्हा निराळेच दिसले. चेंडू सुटताना क्षणभर पाहून नजर पुढे उडी घेते आणि टप्प्याच्या जागी जाऊन थांबते. कसलेल्या फलंदाजाची उडी लवकर पडते. म्हणजे सारी भिस्त त्या पहिल्या क्षणावर!

तो क्षण हुकला तर? मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला. तेव्हा हेल्मेट नव्हते. कवटीचे हाड मोडले. वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी स्वतः रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळू शकले नाहीत. चेंडू सुटत असताना समोरच्या पॅव्हेलियनमध्ये कोणीतरी खिडकी उघडली आणि लक्ष विचलित झाले, असे त्यांनी पुढे सांगितले. त्या मैदानावर गोलंदाजाच्या पाठीमागे पडदा नव्हता.

लाल चेंडू उठून दिसावा म्हणून सीमारेषेबाहेर उभा करतात तो पांढरा पडदा तुम्ही पाहिला असेल. त्याच्यासमोरून एखादा प्रेक्षक चालू लागला, की फलंदाज हात वर करून धावत येणाऱ्या गोलंदाजाला थांबवतो.